पाच चाकं, एक जीप आणि ‘ओरिजिनल’ नावाचा घोळ

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याजवळच्या एका शेडमध्ये मी एका जुन्या जीपच्या चाकापाशी उकिडवी बसले होते. हातात व्हर्निअर कॅलिपर, वहीवर ग्रीसचे डाग, आणि पाठीशी जीपचे मालक उभे. त्यांना आपण काका म्हणू. काकांचा प्रश्न एका ओळीचा होता. “मॅडम, ही चाकं ओरिजिनल आहेत का, एवढंच सांगा. शुक्रवारी सँडब्लास्टिंगला जायचीत.”

मी मूळची फिजिक्सची. एमएस्सी करून तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळले, त्यामुळे मोजायला काही मिळालं की मला हुरूप येतो. दहा मिनिटांत मोजमापं घेतली आणि ठामपणे सांगितलं, “हो काका, ओरिजिनल आहेत.” काका खूश झाले, चहा आला.

माझं उत्तर चुकीचं होतं. मोजमाप मात्र एकही चुकलं नव्हतं. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करतायत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांच्यासाठी हा लेख याच कारणाने लिहितेय. हातात बरोबर आकडे असताना चुकीचा निष्कर्ष कसा निघतो, याचं यापेक्षा सोपं उदाहरण माझ्याकडे नाही.

आधी गाडीबद्दल. जीपला ट्रक का म्हणायचं, असं तुम्ही विचाराल. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लष्कराच्या कागदपत्रांत या गाडीचं अधिकृत नाव ‘ट्रक, पाव टन, फोर बाय फोर’ असंच आहे. ‘जीप’ हे बोलीतलं नाव. १९४० च्या सप्टेंबरमध्ये बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना लष्कराला दिला. पण एवढ्या लहान कारखान्याला लष्कराची मागणी झेपणार नव्हती, म्हणून ओहायोतल्या टोलीडो इथल्या विलीज-ओव्हरलँडला १९४१ मध्ये मोठं कंत्राट मिळालं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला विलीजच्याच आराखड्यावर गाड्या बनवायचं काम फोर्डलाही दिलं गेलं. विलीजची ती एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. युद्ध संपेपर्यंत विलीजने साडेतीन लाखांहून जास्त आणि फोर्डने पावणेतीन लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. फोर्डची जुळणी तर डिअरबॉर्न, लुइव्हिल, डॅलस, एजवॉटर, चेस्टर, रिचमंड अशा सहा ठिकाणी चालायची.

या सगळ्यामागची लष्कराची अट एकच होती: एका गाडीचा कुठलाही भाग दुसरीला बसला पाहिजे. आघाडीवर चाक फुटलं तर शेजारच्या मोडक्या जीपचं काढून लावा आणि पुढे चला. युद्धासाठी हे वरदान होतं. ऐंशी वर्षांनी ‘हे चाक याच गाडीचं का?’ असं विचारणाऱ्या माझ्यासारखीला मात्र हीच अट नडते. चाक हा गाडीचा सर्वांत सहज निघणारा भाग आहे. पाच नट काढले की झालं. म्हणून साक्षीदार म्हणून ते सर्वांत बेभरवशाचं.

आता मी काय मोजलं ते सांगते, कारण पद्धत तुम्हाला उपयोगी पडेल. जीपच्या चाकाला पाच नट असतात. पाच भोकांचं वर्तुळ मोजताना एक अडचण येते: भोकं विषम असल्यामुळे कुठल्याच भोकाच्या बरोबर समोर दुसरं भोक नसतं, त्यामुळे व्यास सरळ मोजता येत नाही. मग शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंतलं अंतर घ्यायचं. मध्यबिंदू डोळ्यांनी ठरवू नका. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच अंतर येतं. त्याला ३६ अंशांच्या साइनने, म्हणजे सुमारे ०.५८८ ने भागलं की व्यास मिळतो. माझं अंतर ८२ मिलिमीटरच्या जरा वर आलं, म्हणजे व्यास १३९.७ मिलिमीटर. बरोबर साडेपाच इंच. युद्धकाळातल्या जीपचं माप तेच आहे. चाकाचा व्यास १६ इंच, तोही जुळला. रंग लष्करी ऑलिव्ह, तोही जुळला. तीन पुरावे, तिन्ही एका दिशेने. व्हायवाला असं मिळालं तर आपण हवेत असतो.

संध्याकाळी गाईडना फोन करून सगळं सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “साडेपाच इंच नसलेली चाकं किती आहेत, ते सांग.”

मला प्रश्नच कळला नाही. रात्री कळला. साडेपाच इंचांवर पाच नट ही मांडणी फोर्डच्या १९२८ च्या मॉडेल ए गाडीवर आहे. १९४८ पर्यंतच्या फोर्डच्या बऱ्याच मोटारींवर आहे. युद्धानंतरच्या नागरी जीपवर आहे, आणि विलीजच्या आराखड्यावरून मुंबईत जुळवल्या गेलेल्या महिंद्रच्या जीपवरही आहे. म्हणजे माझ्या मोजमापाने लँड रोव्हरचं चाक बाद झालं असतं, कारण तिथे व्यास साडेसहा इंच आणि शेजारच्या भोकांतलं अंतर ९७ मिलिमीटर. पण काकांच्या शेडमध्ये लँड रोव्हरचं चाक असेल अशी शंका कुणाला होती? ज्या चाकांची अदलाबदल होण्याची खरी शक्यता होती, ती सगळी माझ्या चाचणीत पास होत होती. चाचणी अचूक होती, पण निवड करण्याची ताकद तिच्यात शून्य होती. १६ इंचांचंही तेच. आणि रंग तर काकांनीच दोन वर्षांपूर्वी डब्यातून काढून मारला होता. हे त्यांनी मला चहाच्या वेळी सांगितलंही होतं, मीच ते वहीत लिहिलं नव्हतं.

बुधवारी पुन्हा शेड गाठली. या वेळी चाकाकडे पाहिलंच नाही, आधी गाडी पाहिली. हा क्रम लक्षात ठेवा. ‘मूळ चाक’ हा शब्द गाडीशिवाय अपुरा आहे. कुठल्या गाडीचं, कुठल्या वर्षीचं, हे ठरल्याशिवाय जुळवणार कशाशी?

एमबी आणि जीपीडब्ल्यू लांबून जुळ्या बहिणी वाटतात, पण चेसिस वेगळा आहे. पुढच्या बाजूचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल पाइपचा असतो, फोर्डमध्ये उलट्या ‘यू’ आकाराच्या पत्र्याचा. विलीजचा नंबर चेसिसच्या डाव्या पट्टीवर, पुढच्या टोकाला आतून रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो, फोर्डचा नंबर थेट लोखंडावर ठोकलेला. पट्टी बदलता येते, ठोकलेला नंबर बदलायला जास्त कष्ट पडतात. डॅशबोर्डवरच्या माहितीच्या पट्ट्यांवर तर अजिबात विसंबू नका. नव्या पट्ट्या विकत मिळतात, आणि काकांच्या त्या चकचकीत पट्ट्या नव्याच होत्या.

काकांची गाडी फोर्ड निघाली. दांडा पत्र्याचा, सुट्या भागांवर आणि काही बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा फोर्डचा ‘एफ’. चेसिसवरचा नंबर वायरब्रश मारून, खडू फिरवून वाचला. हौशी अभ्यासकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या तक्त्यांवरून तो १९४३ मध्ये बसत होता.

आणि इथेच माझं सोमवारचं उत्तर कोसळलं.

सुरुवातीच्या युद्धकालीन जीपला एकसंध पत्र्याच्या डिस्कची चाकं होती, १६ बाय ४.०० मापाची. १९४२ मध्ये ती बदलून ‘काँबॅट’ चाकं आली, १६ बाय ४.५०. काँबॅट चाक दोन भागांचं असतं आणि ते दोन भाग नटांच्या आणखी एका वर्तुळाने एकमेकांना आवळलेले असतात. टायरमधली हवा गेली तरी टायर रिंगवरून निसटू नये आणि गाडी गोळीबारातून बाहेर पडावी, हा त्यामागचा विचार. लष्कराचं फेब्रुवारी १९४४ चं टीएम ९-८०३ हे मॅन्युअल उघडलं की चित्रांत हीच दोन वर्तुळांची चाकं दिसतात. म्हणजे १९४३ च्या गाडीला कारखान्यातून काँबॅट चाकं लागून यायला हवीत. काकांच्या गाडीला होती एकसंध. ‘जीपची चाकं’ म्हणून ती बरोबर असतील, पण ‘या जीपची चाकं’ म्हणून नाही.

एक इशारा देते. त्या मॅन्युअलच्या आधारे १९४१ च्या गाड्यांनाही काँबॅट चाकं लावणारे लोक आहेत. मग पुढचा माणूस त्या गाडीचा फोटो पाहून आपली गाडी करतो, आणि तिसरा दोघांकडे पाहून ‘सगळीकडे असंच दिसतं’ म्हणतो. पुरावे तीन दिसतात, उगम एकच असतो. युद्धकाळातल्या फोटोंबद्दलही सावध राहा. फोटोखालची तारीख फोटो काढल्याची असते, गाडी बनल्याची नव्हे. १९४४ च्या फोटोतली जीप १९४२ मध्ये बनलेली असू शकते, आणि मधल्या दोन वर्षांत तिची चाकं बदललेली असू शकतात.

मग काकांची चाकं कुठली? टायर उतरवल्याशिवाय हे कळणार नव्हतं, कारण रिंगची रुंदी टायरच्या कडा जिथे टेकतात त्या दोन आतल्या जागांमध्ये मोजतात. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजलं तर साधारण इंचभर जास्त भरतं, आणि लोक तोच आकडा ‘जीपच्या चाकाची रुंदी’ म्हणून सांगत फिरतात. मिस्त्रींनी टायर उतरवायला घेतले. उजवीकडची दोन चाकं पटकन निघाली. डावीकडे त्यांचा मदतनीस पान्यावर उभा राहिला तरी नट हलेना. मिस्त्री ओरडले, “अरे, उलटे आटे आहेत!” या गाड्यांच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, चाक फिरताना नट सैल होऊ नये म्हणून. मी ते वहीत लिहून घेतलं आणि लगेच खोडलं. आटे हबच्या बोल्टवर असतात, चाकावर नाही. चाकाला डावं-उजवं ठाऊक नसतं. त्यावरून काही म्हणायचंच तर फार तर हबबद्दल म्हणता येईल.

चारपैकी तीन चाकं साडेचार इंच निघाली, एक चार इंच. साडेचार इंची एकसंध चाक म्हणजे युद्धानंतरच्या जीपचा प्रकार. चार इंची चाक मात्र खरोखर सुरुवातीच्या युद्धकाळातलं असू शकत होतं. चारही एकाच रंगात, एकाच रांगेत, आणि उभं राहून पाहिलं तर अगदी सारखी.

पाचवं चाक कुठे, असं मी विचारलं. काकांना आठवेना. शेवटी मागच्या पत्र्याखाली, खताच्या पोत्यांमागे सापडलं. गंजलेलं, जुन्या टायरसकट. आणि त्यावर नटांची दोन वर्तुळं.

आता मी जे सांगणार आहे ते इतिहासाच्या पद्धतीबद्दल नाही, पण ते न सांगता पुढे जाणं बेजबाबदारपणाचं होईल. ते चाक बाहेर काढल्यावर मदतनीस पोरगा उत्साहाने पाना घेऊन बाहेरच्या वर्तुळाच्या नटांना भिडला. टायरमध्ये अजून हवा होती. मिस्त्रींनी त्याचा हात धरून अक्षरशः मागे ओढला. दोन भागांच्या चाकात हवेचा सगळा दाब ते नटच पेलत असतात. हवा असताना ते सैल केले तर रिंगचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा सुटू शकतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा घालवायची, मगच त्या नटांना हात. मोठ्या ट्रकच्या लॉक रिंगवाल्या चाकांचंही असंच आहे. ती रिंग उडून पंक्चरवाल्याला लागल्याच्या गोष्टी महामार्गावर कुठेही ऐकायला मिळतील. अमेरिकेत मोठ्या वाहनांच्या बहुभागी रिंगांसाठी कामगार-सुरक्षेचा वेगळा नियमच १९८० मध्ये करावा लागला. तुमचा विषय कागदातला असेल तर ठीक, पण वस्तूंवर काम करणार असाल तर ती वस्तू हाताळणाऱ्या माणसाला आधी विचारा. मला हे कुठल्याही रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात शिकवलं नव्हतं.

हवा काढली, चाक उघडलं, आणि मग मी रंगाकडे वळले. या वेळी वरच्या रंगाकडे नाही. बारीक पाणकागद घेऊन रुपयाएवढ्या जागेवर हलक्या हाताने गोल गोल घासायचं. मध्यभागी पत्रा दिसू लागतो आणि भोवती रंगांचे थर खोडातल्या वर्तुळांसारखे उमटतात, सर्वांत आतला सर्वांत जुना. हेच आधी गाडीच्या बॉडीवर आणि चेसिसवर केलं. बॉडीवर क्रम असा निघाला: पत्र्यालगत ऑलिव्ह, त्यावर वेगळ्या छटेचा हिरवा, मग क्रीम, मग निळा, मग काकांचा ऑलिव्ह. पोत्यांमागच्या काँबॅट चाकावर पहिले चार थर त्याच क्रमाने, फक्त काकांचा नव्हता. तीन साडेचार इंची चाकांवर पत्र्यालगत थेट निळा आणि त्यावर काकांचा रंग. चार इंची चाकावर सर्वांत आत ऑलिव्ह, मग एक लाल थर जो गाडीवर कुठेच नाही, मग निळा.

बघा, आता गोष्ट कशी उलगडते. साडेचार इंची तीन चाकं गाडी निळी झाली त्या सुमारास आली. चार इंची चाक दुसऱ्याच कुठल्यातरी लष्करी गाडीवर होतं, मग लाल रंगाच्या गाडीवर, मग इथे. काँबॅट चाक मात्र दुसऱ्या रंगाच्याही आधीपासून या गाडीसोबत असावं.

‘असावं’ म्हणतेय, ‘आहे’ म्हणत नाही. युद्धात आणि युद्धानंतर लष्करी कार्यशाळांमध्ये जीप पूर्ण उघडून पुन्हा बांधल्या जात. तिथे विलीज आणि फोर्डचे भाग एकाच ढिगात पडत आणि ज्याचा हात ज्यावर पडेल तो भाग लागे. पहिला ऑलिव्ह कारखान्यातला की अशा एखाद्या कार्यशाळेतला, हे माझा पाणकागद सांगू शकत नाही. म्हणून वहीत लिहिलं: ‘गाडीच्या वर्षाशी जुळणाऱ्या प्रकारचं, लष्करी सेवेच्या काळापासून गाडीसोबत असण्याची दाट शक्यता.’ लांबलचक वाक्य आहे, पण ‘ओरिजिनल’ या एका शब्दात हे मावत नाही.

माझ्या प्रबंधाच्या तक्त्यात एक रकाना होता: ‘चाकं मूळ: हो/नाही’. आधी पाहिलेल्या सगळ्या गाड्यांसमोर मी मालकांच्या सांगण्यावरून ‘हो’ लिहून ठेवलं होतं. तो अख्खा रकाना काढून टाकला. त्याजागी चार रकाने आले: चाकाचा प्रकार गाडीच्या वर्षाशी जुळतो का, चाकावरची खूण काय, रंगाचे थर गाडीशी कुठपर्यंत जुळतात, आणि हे मला कुणी सांगितलं. जुन्या गाड्यांकडे परत जाऊन ते भरायला जवळपास एक सेमिस्टर गेलं. त्या सहामाहीच्या प्रगती अहवालात ‘प्रगती’ काय लिहायची हा प्रश्नच होता.

राहता राहिले काका. मी खरं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे माझी तीन चाकं खोटी.” मला हे अजिबात पटलं नाही, आणि आजही पटत नाही. युद्ध संपल्यावर भारतात उरलेल्या लष्करी गाड्या विकल्या गेल्या, त्या शेतावर, जंगलात, निवडणुकीच्या प्रचारात धावल्या. काँबॅट चाकाची ट्यूब बदलायला जास्तीचे नट खोलायला लागत असतील आणि शेजारच्या गॅरेजमध्ये साधं एकसंध चाक मिळत असेल, तर शहाणा माणूस तेच लावणार. निळ्या थराची ती तीन चाकं या गाडीच्या भारतातल्या आयुष्याचा पुरावा आहेत. कारखान्याच्या दारातून बाहेर पडली ती सकाळ जीपच्या आयुष्यातली एक सकाळ आहे, बाकीची दशकं काय पुसून टाकायची? मात्र गाडी १९४३ ची म्हणून प्रदर्शनात उभी करायची असेल तर ती चाकं चालणार नाहीत, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टींत निवड करणं हे काकांचं काम, माझं नाही. मी फक्त एवढं मागितलं की ब्लास्टिंगच्या आधी प्रत्येक चाकावर आतल्या बाजूने तळहाताएवढी जागा जाड टेप लावून झाकू द्या. वाळूचा फवारा दोन मिनिटांत सगळे थर घालवतो, आणि गेलेला थर परत आणता येत नाही.

शुक्रवारी सकाळी टेम्पो आला. टेप लावलेली चार चाकं त्यात चढली. पाचवं चाक काकांनी गोणपाटात गुंडाळून परत पत्र्याखाली ठेवलं, या वेळी पोत्यांच्या पुढे, आणि वर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘याला द्यायचं नाही’.